ओळखीचा सात

३ जुलै

मावशी,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज. खरं तर स्टुलावर बसून लिहिते आहे आणि स्टूल इतकं डुगडुगतं की वाकले तर थेट जमिनीवर येईन.

नोकरीला महिना झाला. तू तीस वर्षं ज्या प्रयोगशाळेत उभी राहिलीस तिथे आता मी उभी असते. पोरं मला ‘नव्या बाई’ म्हणतात आणि मी वळले की एकमेकांच्या जर्नलमधली रीडिंग उतरवतात. मला दिसतं. तुझ्या हाताखालून गेलेली आहे मी, मला न दिसून कसं चालेल?

आता कामाचं. विभागप्रमुख बाईंनी माझ्या गळ्यात एक काम घातलं आहे. आसपासच्या चाळीस शाळा-कॉलेजांना विज्ञानाच्या पोरांसाठी गणिताचं एखादं सॉफ्टवेअर हवं आहे. सरासरी, चूक किती, ग्राफ, लॉग, एवढं जमलं तरी पुरे. बाई म्हणाल्या, नवीन कशाला शोधायचं, तुमच्या काकांचा ‘ताळा’ आहे की. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! काकांनी केलेला प्रोग्रॅम, त्यांच्या नावानिशी, चाळीस ठिकाणी जाणार. ३१ ऑगस्टच्या आत पाठवायचा आहे.

ताळा अजून चालतो. काल एका मुलाने पट्टीने मोजलेली लांबी घातली, दशांशचिन्हापुढे सहा आकडे देऊन. ताळ्याने उत्तर छापलं, ‘एवढं तुझ्या पट्टीला तरी माहीत आहे का?’ अख्खी बॅच हसली. मीही हसले, आणि मग हसू येईना, कारण आवाज हुबेहूब काकांचा होता. म्हणजे आवाज नाही, अक्षरंच. पण तुला कळलं असेल.

ताळ्याबरोबर सरावासाठी एक लांबलचक खरी मोजमापांची माळ द्यायची आहे, आणि काकांनी वर्षानुवर्षं रोज मोजलेल्या तारेपेक्षा लांब माळ कुणाकडे आहे? म्हणून परवा प्रयोगशाळेखालचं तळघर उघडलं. सहा वर्षांनी. तार छतापासून तशीच टांगलेली आहे, खाली वजन, शेजारी जोडीची तार, मध्ये पाणसळ आणि स्क्रू. कुणी हात लावला नाही तरी वजन आपलं लोंबतंच आहे. रस्त्यावरून ट्रक गेला की तार किंचित गुणगुणते आणि पाणसळीतला बुडबुडा हलतो. मी एकटी होते. खोटं कशाला बोलू, दोनदा मागे वळून पाहिलं.

काकांच्या नऊ वह्या वर प्रयोगशाळेतल्या कपाटात मिळाल्या. आठ त्यांनी स्वतःच ताळ्यात भरून ठेवल्या आहेत. नववी राहिली आहे, ती मी भरते.

तुझी भोपळाबाई

---

११ जुलै

चि. भोपळाबाई,

पत्र पोचलं. स्टुलाचा डावा पाय आखूड आहे, त्याखाली जुन्या लॉग टेबलाचं पुठ्ठ्याचं कव्हर घडी करून घालायचं असतं. तीस वर्षं तेच चालत आलं आहे.

तू अजून ‘भोपळाबाई’ अशी सही करतेस याची मौज वाटली. लंबकाची दहा रीडिंग न घेताच लिहून आणलीस, मी सख्ख्या भाचीला शून्य दिलं, आणि तुझी आई माझ्याशी महिनाभर बोलली नाही. नंतर तूच म्हणालीस, मावशी, भोपळा दिलास म्हणून मी मोजायला शिकले. ते वाक्य मी जपून ठेवलेलं आहे.

ताळा चाळीस ठिकाणी जाणार हे वाचून डोळे भरून आले. हे असते तर म्हणाले असते, आधी चाळीस ठिकाणचे स्टूल दुरुस्त करा. ह्यांचं नाव कुठेतरी राहावं एवढीच माझी इच्छा उरली आहे, बाकी माझं इथे छान चाललं आहे. दोन खोल्या, एक गॅलरी, खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या मशीनचा आवाज. संध्याकाळी तो थांबला की घर फार गप्प होतं. त्या वेळेला मला अजून ह्यांचं ‘किती?’ ऐकू येतं. भांडं घासता घासता हात थांबतो. म्हातारपण, दुसरं काय.

एक सांगते. नववी वही राहू दे. तेव्हा हे अंथरुणाला खिळलेले होते, अक्षर पार बिघडलं होतं. आठ वह्यांत तुझं काम भागेल. विनाकारण डोळे फोडून घेऊ नकोस.

मावशी

---

१९ जुलै

मावशी,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच नववी वही भरून झाली होती. आणि आता जे सांगते ते वाचून मला वेडी ठरवू नकोस.

ताळ्यात रीडिंग भरायला बसलं की पडद्यावर दर ओळीला एकच शब्द येतो, ‘किती?’ आपण आकडा लिहायचा, की पुढची ओळ, पुन्हा ‘किती?’ तू पत्रात लिहिलेला शब्द तोच आहे, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. असो. चौदा महिन्यांची दोनशे नव्वद रीडिंग मी एका बैठकीत भरली. शेवटची भरल्यावर ताळ्याने हे छापलं. जसंच्या तसं देते:

‘हा सात माझ्या ओळखीचा आहे. खाली ये. पायऱ्या अठराच आहेत, आणि कठडा उजव्या हाताला आहे.’

मावशी, मी तेव्हा तळघरातच होते. म्हणजे खालीच होते. तरी उठून दाराशी जाऊन पाहिलं. कोण होतं तिथे? कुणी नाही. पायऱ्या मोजल्या, अठराच आहेत.

मन शांत करायला तारेचं रीडिंग घ्यावं म्हटलं. तुला ठाऊकच आहे, तार हळूहळू ताणत जाते, एका बाजूने बुडबुडा सरकतो, स्क्रू फिरवून तो मध्ये आणायचा आणि स्क्रूवरचा आकडा वाचायचा. स्क्रू मात्र शेवटच्या माणसाने जिथे सोडला तिथेच राहतो. नवव्या वहीतलं शेवटचं रीडिंग आहे ३.४७. स्क्रूवर आहे ३.४२.

मी वह्या चाळल्या. ३.४२ हा आठव्या वहीतला शेवटचा आकडा आहे. म्हणजे ज्या दिवशी काका तळघराच्या पायरीवरून पडले त्या दिवसाचा. त्यानंतर चौदा महिने त्या स्क्रूला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. मग नवव्या वहीतले दोनशे नव्वद आकडे आले कुठून?

मी स्क्रूला हात न लावता वर आले. काका त्या काळात घरीच होते ना? खाली कोण जात होतं?

भोपळाबाई

---

२८ जुलै

चि. भोपळाबाई,

उत्तराला उशीर झाला, गुडघा धरला होता.

ताळ्यातला तो निरोप म्हणजे ह्यांची थट्टा असणार. असल्या खोड्या ते करत असत. एकदा माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरच्या कागदी गुंडाळीवर अख्खा सुट्टीचा बेत छापून ठेवला होता. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

वहीचं म्हणशील तर ती ह्यांच्याच हातची आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. छातीवर पॅड ठेवून रोज संध्याकाळी स्वतः लिहायचे. मी शेजारीच बसलेली असे. याहून अधिक काय सांगू?

आजारी माणसाच्या वहीत कशाला खोल शिरतेस? आठ वह्या घे आणि ताळा पाठवून दे. ह्यांचं नाव त्यावर ठळक असू दे.

स्टुलाखाली पुठ्ठा घातलास का?

मावशी

---

६ ऑगस्ट

मावशी,

पुठ्ठा घातला. स्टूल आता डुगडुगत नाही.

तुझ्या पत्राने माझी उरलीसुरली आशा गेली. मी वाट पाहत होते की तू म्हणशील, दुसरं कुणीतरी मोजत होतं, दुसरा स्क्रू होता, काहीही. पण वही काकांच्याच हातची आहे, असं तूच म्हणतेस.

मग मी आकडे मोजले. ताळ्यातच ती सोय आहे, काकांनीच केलेली. प्रत्येक रीडिंगचा शेवटचा आकडा घ्यायचा आणि कुठला किती वेळा आला ते बघायचं. माणूस खरंच मोजत असला की हाताचा थोडा थरकाप, इमारतीचा थोडा धक्का, यामुळे शेवटच्या जागी शून्यापासून नवापर्यंत सगळे साधारण सारखे येतात. पहिल्या आठ वह्यांत तसंच आहे. एकोणीसशे रीडिंग, प्रत्येक आकडा एकशेनव्वदच्या आगेमागे. नवव्या वहीत प्रत्येक आकडा एकोणतीस वेळा यायला हवा. सात आला आहे एक्क्याऐंशी वेळा. शून्य चारच वेळा. आणि सलग दोन दिवस तोच आकडा एकदाही नाही. खऱ्या वह्यांत तर तीन-तीन दिवस तोच आकडा आहे. मनाने लिहिणाऱ्याला तसं लिहायची भीती वाटते ना, कुणी म्हणेल उतरवलंस.

म्हणजे काकांनी अंथरुणात पडल्या पडल्या आकडे बनवले. मी दोन रात्री नीट जेवले नाही. माणूस आजारी होता, समजू शकते. पण ज्याने आम्हाला ‘न घेतलेलं रीडिंग रिकामं ठेवा, रिकाम्या जागेला कुणी हसत नाही’ असं शिकवलं, त्याने?

बाईंना सांगावं लागलं. लपवणं मला जमलं नाही, आणि तूच मला तसं घडवलं आहेस. त्या म्हणाल्या, ज्याने चौदा महिने बनवले त्याच्या आधीच्या आठ वर्षांवर चाळीस कॉलेजांनी का विश्वास ठेवायचा? तारेची माळ गाळायची आणि ताळ्यावरचं नावही काढायचं. ३१ तारखेला बिननावाचा ताळा जाईल.

मी काय करू सांग.

भोपळाबाई

---

९ ऑगस्ट

नाव काढू देऊ नकोस. ह्यांनी एकही आकडा बनवलेला नाही. कसं ते विचारू नकोस.

मावशी

---

१४ ऑगस्ट

मावशी,

तुझं दोन ओळींचं पत्र बाईंपुढे ठेवलं. त्या चांगल्या आहेत, पण त्या काय म्हणणार? ‘कसं ते विचारू नकोस’ हे कारण प्रयोगशाळेत चालतं का? तुझ्यासमोर मी असं म्हटलं असतं तर तू माझं जर्नल खिडकीबाहेर भिरकावलं असतंस.

बाई एवढंच म्हणाल्या की ३१ पर्यंत काही ठोस आलं तर बघू.

तळघरात मी रोज जाते. पोरांना तिथे नेत नाही. ताळा सुरू केला की ‘किती?’ येतो आणि मी नुसती बघत बसते. मावशी, मला खरंच वाटायला लागलंय की तो प्रश्न मला नाहीच. कुणीतरी दुसऱ्याला विचारतंय आणि मी मध्ये बसले आहे. तू काहीतरी जाणतेस. पहिल्या पत्रापासून जाणतेस. माझ्यावर रागव, पण सांग.

भोपळाबाई

---

२३ ऑगस्ट

चि. भोपळाबाई,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं, आणि आता फाडायची ताकद नाही, म्हणून पोस्टात पडेल.

नवव्या वहीतला एकूणएक आकडा मी बनवलेला आहे.

आता पहिल्यापासून सांगते. हे पडले तेव्हा तळघराच्या शेवटच्या पायरीवर मला सापडले. खुबा मोडलेला, चेहरा पांढराफटक, आणि मला पाहिल्यावर पहिलं वाक्य, ‘आजचं झालंय. तीन पॉइंट बेचाळीस. लिहून घे.’ मी लिहून घेतलं. मग स्ट्रेचर आलं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी म्हणाले, माझी माळ तुटता कामा नये, तू रोज खाली जाऊन वाच आणि संध्याकाळी मला सांग. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेले. दार उघडलं, तीन पायऱ्या उतरले आणि खाली ती पायरी दिसली. पाय पुढे जाईनात. काय झालं होतं मला? त्या खोलीत मी हजार वेळा गेले असेन. कठड्याला धरून उभी राहिले आणि तशीच उलटी वर आले. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, ‘किती?’ आणि माझ्या तोंडून आकडा निघून गेला.

वाटलं, उद्या जाईन. उद्याही तीनच पायऱ्या. मग मी पद्धत बसवली. ह्यांच्या आठ वर्षांच्या रीडिंगची लॉग पेपरवर सरळ रेघ येते, ती पट्टीने पुढे वाढवली. स्टाफरूममध्ये बसून रोज त्या रेघेवरून आकडा काढायचा आणि खरा वाटावा म्हणून त्यात मनाने दोन-चार शतांश इकडे तिकडे करायचे. गणित पक्कं होतं माझं, कुठे अडलं नाही. संध्याकाळी ‘किती?’ म्हटलं की मी सांगायची आणि हे लिहायचे. म्हणून वही त्यांच्या हातची आहे. माझं ते वाक्य खोटं नव्हतं आणि त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात बोलले नाही.

आता साताचं. आम्ही दोघं एकाच वर्गात होतो हे तुला माहीत आहे. लग्न कसं जमलं ते नाही. शेवटच्या वर्षाला मी भिंगाच्या प्रयोगाची रीडिंग घरी बसून लिहिली. शेजारच्या टेबलावरचा हा काडीपैलवान माझी वही बघून हळूच म्हणाला, ‘तुमच्या वहीत साताची फार गर्दी झाली आहे.’ कुणाला सांगितलं नाही. मी सगळी रीडिंग पुन्हा घेतली आणि पुढे त्याच्याशी लग्न केलं. ताळ्यात ती आकडे मोजायची सोय त्यांना कुठून सुचली, हे पोरं विचारायची तेव्हा हे माझ्याकडे बघून मिशीत हसायचे.

म्हणून तुझं १९ जुलैचं पत्र वाचलं त्याच क्षणी मला कळलं. हे ओळखून होते. पहिल्या आठवड्यापासून असतील. चौदा महिने रोज संध्याकाळी विचारत होते, ऐकत होते, लिहून घेत होते, आणि एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटत होतं मी त्यांना सांभाळते आहे.

आणि हे कळल्यावरही मी गप्प बसले. माझ्या नवऱ्याच्या नावाला डाग लागताना बघत बसले, कारण तुझ्यासमोर उघडं पडायची लाज वाटली. ज्या भाचीला मी भोपळा दिला, तिला कुठल्या तोंडाने सांगू? तीस वर्षं पोरांच्या वह्या भिरकावल्या, आणि माझी वही आता तुझ्या टेबलावर पडली आहे.

हे पत्र बाईंना दाखव. एक वाक्यही गाळू नकोस.

मावशी

---

२६ ऑगस्ट

मावशी,

पत्र वाचलं आणि तळघरात जाऊन खूप रडले. तुझ्यासाठी, काकांसाठी, थोडं स्वतःसाठीही, कारण मी काकांना मनातल्या मनात खोटं ठरवून मोकळी झाले होते.

लाज मलाच वाटली पाहिजे. तुला भोपळा देण्याइतकी मी मोठी नाही झाले, होणारही नाही.

मग ताळ्याच्या पोटात शिरले, म्हणजे प्रोग्रॅम उघडून ओळ न ओळ वाचली. तो निरोप छापायची अट सापडली. ती साऱ्या जगासाठी नाही. फाइल तारेचीच हवी, तारीख काका पडल्यानंतरचीच हवी, आणि सात जास्त हवेत. तिन्ही जमलं तरच. लिहिल्याची तारीख त्यांच्या जाण्याच्या एकोणीस दिवस आधीची आहे, म्हणजे अंथरुणावर लॅपटॉप घेऊन लिहिली आणि कुणाकडून तरी इथल्या ताळ्यात घालून घेतली असणार. त्यांना वाटलं असेल की नववी वही ताळ्यात तूच भरशील. सहा वर्षं तो निरोप तुझी वाट पाहत तिथे बसला आणि अखेर भेटला मला. म्हणून मला वाटत होतं की कुणीतरी दुसऱ्याला विचारतंय.

निरोप पुन्हा वाच. त्यात रागाचा एक शब्द नाही. कठडा कुठल्या हाताला आहे ते सांगितलंय.

आता व्यवहाराचं. बाईंनी तुझं पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘माझा विश्वास बसला. पण बायकोची साक्ष म्हणजे रीडिंग नव्हे.’ बरोबर आहे त्यांचं. त्यांनी मार्गही सांगितला. नववी वही बाजूला ठेवायची. नुसत्या आठ वह्यांवरून लॉग पेपरवर रेघ काढायची आणि ती आजच्या तारखेपर्यंत वाढवायची. तार खोटं बोलणार नाही. आजचं खरं रीडिंग त्या रेघेवर पडलं तर आठ वर्षं खरी, नाव राहील, माळही जाईल. नाही पडलं तर दोन्ही जातील.

रेघ मी काढली आहे. आकडा कागदावर लिहून पाकिटात बंद करून बाईंकडे दिला. तुला सांगणार नाही.

रीडिंग मी पाच मिनिटांत घेऊ शकते. पण स्क्रू अजून ३.४२वर आहे, काकांनी सोडला तिथे. माझा हात जात नाही. तळघराची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे हे मला माहीत आहे, तू ती कधी परत केलीच नाहीस. मी २९ आणि ३० ला दुसऱ्या कॉलेजात ताळा शिकवायला जाणार आहे. खोली रिकामी असेल.

तू नाही आलीस तर ३१ ला सकाळी मी घेईन. रागावणार नाही.

भोपळाबाई

---

३० ऑगस्ट, तळघरातल्या टेबलावरून

चि. भोपळाबाई,

हे पत्र पोस्टाने येणार नाही, उद्या तुझं तुलाच इथे सापडेल.

सकाळच्या गाडीने आले. किल्ली चालली. तीन पायऱ्या उतरले आणि नेहमीप्रमाणे पाय थांबले. किती वेळ उभी होते सांगता येत नाही. मग उजवा हात पुढे केला. कठडा होता. मूर्खासारखी मोठ्याने मोजत उतरले, चार, पाच, सहा. अठराव्या पायरीवर बसून घेतलं. तिथेच, जिथे हे पडले होते. दगड थंड आहे, बाकी काही नाही. भीती जिची वाटत होती ती पायरी एवढीशी आहे.

मग मोजायला लागले. स्क्रू घट्ट बसला होता, तेलाचा थेंब सोडला. बुडबुडा पार कडेला जाऊन चिकटला होता. फिरवत गेले तसा तो हळूहळू मध्ये आला, जिवंत असल्यासारखा. मी चष्मा पुसून आकडा वाचला. स्क्रू मागे फिरवला, पुन्हा बुडबुडा मध्ये आणला, पुन्हा वाचला. असं तीनदा केलं. तीनही वेळा तेच.

आकडा इथे लिहीत नाही. तो शेजारच्या चिठ्ठीत घडी करून टाचणीने टोचला आहे. स्क्रू परत ३.४२वर आणून ठेवला आहे. आधी तू वाच, लिही, आणि मगच घडी उघड. माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवायला नकोस. मी स्वतःही ठेवला नसता.

आणखी एक. नववी वही कपाटात लपवू नकोस. तीही चाळीस ठिकाणी पाठव. वर लिही, ‘ही दोनशे नव्वद रीडिंग बनवलेली आहेत. कशावरून, ते शोधा. बनवणारी बाई तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होती.’ पोरांना खऱ्याबरोबर खोट्याचाही नमुना मिळू दे, आणि तोही चांगल्या गणितवालीने केलेला.

जाताना ताळा सुरू केला. ‘किती?’ म्हणाला. मी सांगितलं. सहा वर्षं आणि चौदा महिने उशिरा, पण खरं सांगितलं. निरोप आला नाही. पुढची ओळ आली आणि त्याने पुन्हा विचारलं, ‘किती?’

पुढच्या महिन्यात येऊन सांगेन, असं मी त्याला म्हणाले.

मावशी

---

३१ ऑगस्ट

मावशी,

सकाळी बाईंना बरोबर घेऊन खाली आले. तुझं पत्र वाचलं, चिठ्ठीला हात लावला नाही. बुडबुडा मध्ये आणला. बाईंनी पाकीट फोडलं. आठ वह्यांच्या रेघेवरून आजचा आकडा यायला हवा होता ३.६६.

मी वाचलं ३.६७. बाईंनी वाचलं ३.६७. सात वर्षं कुणी बघत नसतानाही तार काकांच्या रेघेवरून चालत होती, एका शतांशाचा फरक.

मग तुझी घडी उघडली. ३.६७. आणि खाली बारीक अक्षरात, ‘शपथेवर सांगते, तीनदा मोजलं, शेवटी खरंच सात आहे.’

बाई म्हणाल्या, पाठवा, नावासकट. मी ताळा पाठवला. नंतर तळघरात एकटीच बसले होते आणि मावशी, काका मिशीत हसत असणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पुढच्या महिन्यात ये. स्टूल तुझ्यासाठी पुसून ठेवते.

भोपळाबाई